मागच्या सीटवरचा गुडघा

आयुष्यभर मी लोकांना विमानात बसवलं, आणि त्यातले बरेच जण परत आल्यावर आधी माझ्या दुकानात येऊन भांडले, मग घरी गेले. हवाई तिकिटं विकणाऱ्याला हे चुकत नाही. एस.टी. उशिरा आली तर माणूस महामंडळाला बोलतो, रेल्वेच्या डब्यात पाणी नसलं तर सरकारला बोलतो. विमानात पाण्याची बाटली विकत घ्यावी लागली तर मात्र मंठ्याच्या बसस्टँडसमोरच्या युसूफला बोलतो. विमान कंपनीच्या मालकाला त्यानं कधी पाहिलेलं नसतं, मी रोज दुकानात बसलेला असतो.

या धंद्याबद्दल दिवाळी अंकात लिहा म्हणून निरोप आला तेव्हा माझी बायको हसली. आमच्या घरात उर्दू बोलतात. ती म्हणाली, "लिखो, मगर लोगों की गालियाँ निकाल के लिखो." तेवढं काढल्यावर किती उरेल याची मला शंका आहे, तरी प्रयत्न करतो.

स्वस्त विमान म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. ती एक खानावळ समजा. भाकरीचे पैसे अगदी कमी, पण मीठ, कांदा, पाणी आणि टेकायची जागा यांचे पैसे वेगळे. तिकीट स्वस्त दिसतं म्हणून माणूस खूश होतो आणि मग एकेक गोष्ट कळत जाते. सामान जास्त झालं, पैसे. खिडकी पाहिजे, पैसे. चहा पाहिजे, पैसे. बायको शेजारी पाहिजे, त्याचेही पैसे. हे शेवटचं ऐकून आमच्याकडचे निम्मे पुरुष निवांत होतात आणि म्हणतात की तेवढा खर्च राहू द्या.

मी स्वतः त्यातलाच. आम्ही दोघं मक्केच्या यात्रेला, उमऱ्याला गेलो तेव्हा मीही सीटचे पैसे भरले नाहीत. धंद्यातल्या माणसानं भरू नयेत असा माझा नियम. संगणकानं मला पुढं बसवलं आणि बायकोला पार शेपटाकडं. उतरल्यावर मी काळजीनं विचारलं, घाबरलीस का? ती म्हणाली, "इतना सुकून तो घर में भी नै मिला."

सामानाच्या तर किती कथा सांगाव्यात. तीर्थपुरीचे एक कापसाचे व्यापारी मुलाकडं चालले होते. पिशवीचं वजन जास्त भरतंय म्हटल्यावर त्यांनी ऐन मे महिन्यात अंगावर तीन सदरे, वर कोट आणि कोटाच्या खिशात शेवेची पुडकी घातली. अंगावरच्या कपड्याचं वजन कोणी करत नाही हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरंही आहे. तपासणीच्या दारात त्यांना तिन्ही सदऱ्यांची बटणं उघडून दाखवावी लागली. हसनाबादच्या एका खालांचं, म्हणजे मावशींचं, लोणचं तपासणीत अडकलं. तेलातली बरणी हातातल्या पिशवीतून न्यायची नसते. खालांनी तिथंच खाली बसून बरणी उघडली आणि रांगेतल्या लोकांना एकेक फोड वाटली. टाकून देण्यापेक्षा पोटात गेलेली बरी, असं त्यांचं म्हणणं. त्या रांगेतले काही जण पुढं मंठ्यात येऊन मला लोणच्याची कृती विचारून गेले.

पण सगळ्यात जास्त तक्रार कशाची येत असेल तर ती बसायच्या जागेची. तिकीट कमी ठेवायचं म्हणजे एका विमानात जास्त माणसं बसवायची. जास्त माणसं बसवायची म्हणजे सीटा जवळजवळ आणायच्या. जवळ आणून जमत नाही म्हणून मग त्यांची पाठ पातळ करायची. महागड्या विमानातली सीट मागं रेलते, यांची रेलत नाही. तिच्या पाठीत जाड गादी नसते, बोटभर जाडीची असते आणि तिच्यामागं पत्र्यासारखं काहीतरी. त्यामुळं मागच्या माणसानं पाय हलवले की पुढच्याच्या पाठीत कळतं. आमच्या मंठ्याचे एक वकीलसाहेब दिल्लीला जाऊन आले आणि कोर्टात न जाता थेट दुकानात आले. म्हणाले, "युसूफ, माझ्यामागं कोण बसल्तं त्याचं तोंड मी पाह्यलं न्हाई. पण त्याचे गुडघे मी अंधारातबी ओळखीन. डावा टोकदार होता." त्यांना मी चहा पाजला. माझ्या धंद्यात नुकसानभरपाई चहाचीच असते.

या सगळ्या भांडणांवर उपाय म्हणून मी दुकानात विमान केलं. शेजारची शिकवणी बंद पडली तेव्हा त्यांचे दोन बाक विकत घेतले आणि एकामागं एक असे मांडले. मधलं अंतर मी विमानात बसून हातानं मोजून आलो होतो, तेवढंच ठेवलं. एका मोडक्या जीपचा पट्टा आणून बाकाला लावला. पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला मी या बाकावर बसवायचो. पट्टा कसा लावायचा, कसा सोडायचा, पिशवी कुठं ठेवायची, कान दडपले तर काय करायचं, सगळं तिथं करून घ्यायचो. गुडघे आपटू द्यायचो. एकदा इथं आपटले की तिथं आपटल्यावर माणूस चिडत नाही. गावात लोक म्हणायचे, युसूफभाईचं विमान बिना पेट्रोलचं हाय. बसची वाट पाहणारे त्यावर झोपायचे, त्यांना मी उठवायचो आणि प्रवाशांना बसवायचो. मला त्या बाकांचा अभिमान होता आणि आहे.

त्याच बाकांवर मी एका जोडप्याला बसवलं. एवढं सगळं लिहायला घेतलं ते खरं म्हणजे त्यांच्यासाठी.

कुंडलिक आबा आणि गयामावशी मंठ्याजवळच्या एका वाडीचे. आबांची नोकरी जिनिंगमध्ये झाली. कापसातली सरकी वेगळी करणारी ती यंत्रं दिवसभर गर्जत असतात. आबांची उमेदीची सगळी वर्षं तिथं गेली आणि कानही तिथंच राहिले. आता त्यांना काहीच ऐकू येत नाही. कानाचं यंत्र आणून दिलं होतं, पण त्यात नुसतं वारं वाजतं म्हणून त्यांनी ते पेटीत ठेवलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळं बोलतात मात्र असं की बसस्टँडवरच्या कंडक्टरनं वळून पाहावं.

त्यांची एकुलती एक मुलगी सुनंदा बेंगळुरूला. तिचं बाळंतपण दिवस भरायच्या आत झालं. बाळ काचेच्या पेटीत, सुनंदा अंथरुणाला खिळलेली, तिला सासू नाही, जावई दवाखाना आणि नोकरी यांत धावतोय. त्याचा फोन आला तेव्हा तो एवढंच म्हणाला की सुनंदा दिवसभर आईचं नाव घेते. मावशींना लगेच निघायला हवं होतं. पण आबांना एकटं कुठं ठेवणार? मागं एकदा मावशी बहिणीकडं गेल्या होत्या तेव्हा आबांनी चुलीवर दूध ठेवलं आणि ओसरीवर येऊन बसले. पातेलं जळून घरात धूर झाला. शेजारी दार बडवत होते, आबांना पत्ता नाही.

म्हणजे जायचं तर दोघांनी. रेल्वेनं जायचं तर मध्ये गाडी बदलायची आणि फार वेळ लागायचा. छत्रपती संभाजीनगरहून थेट जाणारं विमान होतं, तेही आपलं स्वस्तातलंच. मावशी तयार होत्या. आबा तयार नव्हते.

"तितं काय सांगतेत ते मला ऐकू येनार न्हाई," आबा दुकानात उभे राहून म्हणाले. "इमान खाली पडाया लागलं तरी मला सगळ्यांच्या शेवटी कळंल."

दुकानातले लोक हसले. मीही हसलो, पण मावशींकडं पाहिलं आणि हसू आवरलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. हळूच म्हणाल्या, "भाऊ, म्या एकलीनं जावं तर ह्यांला कुठं ठिवू? न्हाई जावं तर तिकडं लेकरू काचंत हाय."

मी म्हटलं, मावशी, तिकिटं मी काढतो, आबांना बाकावर तयार करू, आबा येतील. मनात मी आणखी एक गोष्ट ठरवली. नियम मोडून माझ्या पदरचे पैसे भरले आणि दोघांच्या सीटा शेजारी शेजारी घेतल्या. बहिऱ्या माणसाला बायको शेजारी पाहिजे, यात विचार करण्यासारखं काय आहे? पुण्याचं काम केलं अशा थाटात मी दुसऱ्या दिवशी त्यांना दुकानात बोलावलं.

आबांना पुढच्या बाकावर बसवलं आणि मावशींना म्हटलं, या, तुम्ही शेजारी. मावशी बसेनात. मी म्हटलं, सीटाच तशा घेतल्यात. मग त्या बाकाच्या अगदी कडेला, अर्ध्या बाहेर, तोंड दुसरीकडं करून बसल्या. डोक्यावरचा पदर इतका पुढं ओढला की त्यांना मीही दिसत नसेन. आबांना मी पट्टा लावला आणि एअर होस्टेस उभी राहून हातवारे करते तसे हातवारे करून दाखवायला लागलो. आबांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ते एकदा डावीकडं बघत, एकदा उजवीकडं, सारखे मागं वळत आणि उजव्या खांद्यावरून हात फिरवत. थोड्या वेळानं त्यांनी पट्टा ओढायला सुरुवात केली.

"न्हाई जमायचं," ते ओरडले. "उतरव मला."

विमान जमिनीवरच होतं, बाकाचं होतं, आणि तरी त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर खरी भीती होती. मी पट्टा सोडला. ते बाहेर जाऊन चहाच्या टपरीजवळ उभे राहिले. मी मावशींना विचारलं की काय चुकलं.

त्यांनी जे सांगितलं ते मला इतकी वर्षं माणसं बसवूनही माहीत नव्हतं. "आमच्यात नवऱ्याला खेटून बसायची रीत न्हाई, भाऊ. लगीन झालं तवापासून एस.टी.त ते पुढच्या शिटावर आन् मी बराबर मागच्या. मंग ह्यांचे कान गेले, तवा ती मागची जागाच कामाला आली. मी खांद्यावर हात मारते. एक थाप मारली म्हंजी बसून ऱ्हावा. दोन मारल्या म्हंजी उठा, गाव आलं. आन् नुसता हात ठिवला म्हंजी मी हाय."

शेजारी बसवलं की सोबत झाली, असं मला वाटत होतं. आबांची सोबत खांद्यावर मागून येत होती आणि मी ती काढून घेतली होती.

सीटा बदलल्या. दोन्ही खिडकीच्या, एकामागं एक. पण बदलताना नवीनच अडचण डोळ्यांपुढं आली. एस.टी.ची सीट खांद्याच्या खाली संपते. विमानाच्या सीटची पाठ डोक्याच्या वर जाते. मागून खांद्यावर हात पोचायचा नाही. समोरच्या सीटच्या पाठीला वरच्या भागात ताट ठेवायची घडीची फळी असते, तिच्यावर थापटलं तर नुसता खडखडाट, आणि खडखडाट आबांना ऐकू येणार नाही. खाली मासिकं ठेवायची झोळी असते, तिथं पट्ट्यानं बांधलेल्या ठेंगण्या मावशींचा हात जायचा नाही. मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. घरी जेवताना बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हारे वकीलसाब को पूछो. उनकी पीठ को सब मालूम है."

थट्टेत म्हणाली होती. मी भाकरी हातात धरून तसाच बसलो. जिच्याबद्दल मी आयुष्यभर बोलणी खाल्ली ती पातळ पाठ मला त्या क्षणी पहिल्यांदा चांगली वाटली.

सकाळी मी माळ्यावरून जुन्या एस.टी.डी. बूथची पत्र्याची पाटी काढली. विमानांच्या आधी माझं तेच दुकान होतं. पाटी पुढच्या बाकाच्या पाठीला उभी बांधली, वर डोक्यापर्यंत. तिच्यावर पातळ सतरंजी टाकली. वकीलसाहेबांना बोलावून बसवलं आणि मागून स्वतः गुडघा लावला. साहेबांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले की बिलकुल असंच होतं, फक्त तो डावा जास्त टोकदार होता. त्यांचा दाखला मिळाल्यावर मी वाडीला निरोप पाठवला.

दोघं आले तेव्हा साहेब चहा घेत तिथंच होते. मावशी ठेंगण्या असल्यामुळं त्यांचा गुडघा समोर टेकेना. त्यांच्या पिशवीत नातवासाठी शिवलेली दुपटी होती, जुन्या मऊ लुगड्यांची. मी म्हटलं, ही पाठीमागं घ्या, म्हणजे तुम्ही पुढं सरकाल. दुपट्यांची घडी पाठीशी घेतल्यावर गुडघा पत्र्यापर्यंत बरोबर आला. मी समजावून सांगितलं की आता थाप हातानं मारायची नाही, गुडघ्यानं. एकदा टेकवला म्हणजे बसा, दोनदा म्हणजे उठा, आणि टेकवून ठेवला म्हणजे मी आहे.

मावशींनी गुडघा मागं घेतला, दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेतले.

"मी नवऱ्याला पाय लावू?" त्या म्हणाल्या. "चारचौघांत? न्हाई भाऊ. मला ह्ये पाप करायला लावू नका."

चुकून पाय लागला तरी हात लावून कपाळाला टेकवणारी ही बाई, तिला मी मुद्दाम, पुन्हा पुन्हा पाय लाव म्हणत होतो. वकीलसाहेबांनी चहाच्या कपात पाहिलं. विमान परवाचं होतं. तिकडं सुनंदा दार वाजलं की मान वळवत असणार, आणि इथं सगळं एका गुडघ्यापाशी येऊन थांबलं होतं.

पुढच्या बाकावरच्या आबांना यातलं काही कळलं नव्हतं. ते पाठ ताठ करून वाट पाहत बसले होते. शेवटी वळून त्यांनी मला खूण करून विचारलं की काय म्हणून राह्यली. मी त्यांच्या समोर जाऊन, ओठ दिसतील असं, सावकाश सांगितलं. मावशींनी पदर तोंडावर ओढला.

आबांना ते कळलं. त्यांनी पुन्हा पुढच्या भिंतीकडं तोंड केलं. तिथं माझ्या दुकानाचं कॅलेंडर आहे, दुसरं काही नाही. मग नेहमीच्या आवाजात, म्हणजे अख्ख्या बसस्टँडला ऐकू जाईल असं, म्हणाले, "गुडघा हाय तो, पाय न्हाई. आन् पाय असला तरी लाव. माझी लेक तितं एकली पडून हाय."

रस्त्यावरचे दोघं-तिघं थांबून पाहायला लागले. मावशींनी बाकाखालचे पाय पुढं घेतले. मग पत्र्याचा बारीक आवाज झाला. आबांची पाठ जरा हलली. मावशींनी लगेच वाकून पाटीशेजारच्या फटीतून त्यांच्या पाठीला बोटं लावली आणि आपल्या कपाळाला टेकवली.

"लागला," आबा म्हणाले. "बराबर लागला."

मग तासभर ते दोघं माझ्या दुकानात उडत होते. एक, दोन, टेकवून ठेवलेला. दर वेळी मावशी बोटं लावून कपाळाला नेत. शेवटी मी सांगितलं की तिथं सीटला फट अगदी अरुंद असते, नमस्कार मनातल्या मनात करा. वकीलसाहेब उठताना मला म्हणाले की दिल्लीच्या त्या गुडघ्याबद्दल मी तुला बोललो ते परत घेतो. हे त्यांनी कोर्टात कधी केलेलं नाही.

विमानाच्या दिवशी मी जीपमधून त्यांच्याबरोबर गेलो. एरवी जात नाही. दारावरच्या शिपायानं तिकीट नसलेल्याला आत सोडायचं नसतं, म्हणून मी काचेबाहेरून पाहत राहिलो. आत आबा पुढं आणि मावशी एक पाऊल मागं, खांद्यावर हात. रांगेत, तपासणीत, सगळीकडं तसंच. मग वळणाला गेले आणि दिसेनासे झाले. माझा धंदा असाच आहे. माणूस आत गेलं की पुढचं मला कळत नाही, ते परत येऊन भांडेपर्यंत. जीपवाला सारखा घड्याळ दाखवत होता, तरी विमान उडालेलं पाहिल्याशिवाय मी निघालो नाही.

दुपारी जावयाचा फोन आला. दोघं पोचले, मावशी थेट दवाखान्यात, सुनंदा आईला धरून खूप रडली आणि मग पहिल्यांदा पोटभर जेवली. मी बायकोला फोन लावून सांगितलं. त्यानंतर काही आठवडे काही कळलं नाही. बाळ पेटीतून बाहेर आलं एवढं वाडीवरून समजलं.

ते परत आले तेव्हा विमानातली हकिगत मावशींनी मला सांगितली. विमानात बसल्याबरोबर एक भला मुलगा उठला. म्हणाला, आजी, तुम्ही इथं आजोबांच्या शेजारी बसा, मी मागं जातो. मावशींनी नको म्हटलं. त्यानं पुन्हा आग्रह केला. मावशींनी पुन्हा नको म्हटलं. शेवटी तो आपल्या जागी बसला, पण या वयातही यांचं भांडण मिटलेलं नाही, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. विमान चाललं तेव्हा मावशींनी गुडघा एकदा टेकवला. वर गेल्यावर टेकवून ठेवला. आबा खिडकीतून खाली बघत बसले. सगळं दुकानातल्यासारखं चाललं होतं.

मग ढग लागले आणि विमान हलायला लागलं. मी बाकावर सगळं शिकवलं होतं, हे शिकवता आलं नव्हतं. विमान एकदम खाली गेल्यासारखं झालं, कुणाचं तरी लेकरू रडलं. मावशींनी डोळे मिटले आणि पाय पोटाशी ओढून घेतले. आबांचे कान आपण आहोत, हे त्या विसरून गेल्या. आबांना नुसते हेलकावे कळत होते, आणि पाठीमागं काही नव्हतं.

"मला वाटलं आता ते उठत्यान, पट्टा तोडत्यान," मावशी म्हणाल्या. "डोळे उघडायची हिंमत होईना. तेवढ्यात म्होरची शीट माझ्याकडं आली. गुडघ्याला येऊन टेकली. गेली न्हाई. तशीच टेकून ऱ्हायली."

आबांनी आपली पाठ सगळ्या जोरानं मागं रेटून धरली होती. पत्रा पातळ, इकडचं तिकडं जसं कळतं तसं तिकडचं इकडंही कळतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. वकीलसाहेबांच्याही नाही.

मावशी म्हणाल्या, "इतक्या वर्सांत मीच सांगत आले, मी हाय, मी हाय. त्या दिशी ते बोलले."

मी चहा मागवला.

येताना त्यांचं तिकीट माझ्याकडचं नव्हतं. जावयानं हौसेनं महागड्या विमानाचं काढलं होतं, मुंबईवरून फिरून येणारं. जेवण फुकट, चहा फुकट, मऊ जाड सीटा, पाय पसरायला जागा, अंगावर घ्यायला शालही. सुनंदानं सांगितलं म्हणून जागा एकामागं एक घेतलेल्या. मी कौतुकानं आबांना खुणेनं विचारलं की कसं होतं महागडं विमान? आबा इतके चिडले की टपरीवरचा माणूस पाहायला लागला.

"कायचं विमान," ते म्हणाले. "त्या गादीतून हिचं काहीच कळंना. सगळ्या वाटंनं मी एकलाच."

मावशींनीही मान हलवली. त्यांचा गुडघा तिथपर्यंत पोचतच नव्हता, मध्ये एवढी जागा. त्यांनी दोनदा पुढं सरकून पाहिलं, तेव्हा एअर होस्टेसनं येऊन प्रेमानं त्यांना मागं टेकवलं आणि शाल पांघरली. जेवण चांगलं होतं, असं त्या म्हणाल्या. आबांनी ते खाल्लं नव्हतं.

आता तिकिटं सगळे मोबाइलवर काढतात. माझ्याकडं गर्दी नसते आणि बाकांवर पुन्हा बसची वाट पाहणारे झोपतात. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. मोबाइल विचारतो की खिडकी पाहिजे का, शेजारी पाहिजे का. मागं पाहिजे का, असं तो विचारत नाही. पण एस.टी.डी. बूथची ती पाटी मी काढलेली नाही. अजून बाकाला बांधलेली आहे आणि लोकांना वाटतं मी आळशी आहे.

परवा दोघं पुन्हा आले. नातवाचं जावळ काढायचं आहे, बेंगळुरूला जायचं आहे. जावई म्हणत होता की तिकिटं मी पाठवतो, पण आबांनी त्याला मना केलं आणि मंठ्याची बस धरली. मी त्यांना खुर्ची दिली. मावशींनाही दिली, पण त्या बसल्या नाहीत, नेहमीसारख्या मागं उभ्या राहिल्या, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून.

"तेच विमान दे, युसूफभाई," आबा म्हणाले. "हाडं दुखवणारं."

मी संगणक उघडला. जागा कोणत्या घ्यायच्या ते मला माहीत होतं, तरी खोडी म्हणून खुणेनं विचारलं की आबा, या वेळी शेजारी शेजारी देऊ का?

आबांनी नुसती खुर्चीत पाठ मागं रेटली, मावशींच्या हातावर, आणि तशीच ठेवली.

"मागं-फुडंच घ्या, भाऊ," मावशी म्हणाल्या. "ते सांगून राह्यले."